छत्तीस पंखे, एक मशीन

सात वेळा. सावद्याहून जळगावला हा माणूस सात वेळा ड्रील मशीन घ्यायला गेला आणि सातही वेळा हात हलवत परत आला. मी मोजलंय. सकाळची एसटी धरायची, नवीपेठेत शालिग्रामशेठच्या दुकानात दोन-दोन तास उभं राहायचं, दोन मशिनी आलटून पालटून हातात घ्यायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन पायरीवर बसून म्हणायचं, "इचार करू राह्यलो." अवं बाप्पा! लग्न ठरवायला तरी इतका विचार केला होता का?

नाव तोताराम. आमच्याकडे माझ्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही घरात ‘हे’च म्हणते. पण एकदा सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मी कोणाच्या नावानं बोटं मोडतेय ते तुम्हाला कळायचं नाही. मी कुंदाबाई, त्यांची बायको. हे वायरमन. सावद्यात आणि आसपासच्या खेड्यांत ज्या घरांत तेव्हा लाइट आली, त्यांतल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर यांचा हात फिरलेला आहे. मला बघायला आले तेव्हासुद्धा हा माणूस माझ्याकडे बघत नव्हता, आमच्या ओसरीच्या दिव्याकडे बघत होता. मला वाटलं लाजतोय. थोड्या वेळानं माझ्या वडिलांना म्हणाले, "आबा, ती वायर उघडी हाये, कोनाले तरी झटका बसीन." पोहे येईपर्यंत स्टुलावर चढून वायर बांधूनही झाली. आई म्हणाली, कामाचा माणूस आहे, देऊन टाका पोरगी. दिली.

कामाचा तर आहेच. भिंतीवर वायरीची लाकडी पट्टी मारली की ओळंबा लावून बघा. एकदा एका घरी सगळं काम झाल्यावर यांना एक पट्टी सुतभर वाकडी वाटली. घरमालकाला दिसत नव्हती, मला दिसत नव्हती, पण यांनी ती उपटून परत मारली. त्यापायी दुसऱ्या दिवशीचं काम बुडालं. मी बोलले तेव्हा म्हणे, "मले रोज त्या घरावरून जा लागते ना."

तर काम कसं, ते सांगते. भिंतीला भोक पाडायचं ते छिन्नी-हातोडीनं. भोकात लाकडी गुल्ली ठोकायची, गुल्लीवर स्क्रू. धाब्याची मातीची घरं होती तोवर ठीक होतं, माती मऊ. पण केळीला भाव आला आणि सावद्यात एकेकानं धाबं पाडून स्लॅबची घरं बांधायला सुरुवात केली. सिमेंटचं भोक म्हणजे शंभर ठोके. असे दिवसाला वीस-पंचवीस, बावीस वर्षं. हिशेब तुम्हीच करा, मला करवत नाही.

हात दुखतो हे यांनी मला सांगितलं नाही. हे काहीच सांगत नाहीत. बाकी माणूस देवासारखा, पण हा एक दोष असा की सगळ्या गुणांवर पाणी फिरवतो. मला कळलं ते जेवताना. बघते तर हे डाव्या हातानं भाकरी मोडतायत. मी लगेच आवाज चढवला, "आहो, डाव्या हातानं काय जेवू राह्यले? लहान लेकरू हाये का तुमी?" यांनी गुपचूप हात बदलला. उजव्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा धरला आणि तो ताटात पडला. परत उचलला, परत पडला. मग भूक नाही म्हणून उठून गेले. मला वाटलं माझ्या बोलण्याचा राग आला. दोन दिवसांनी चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरलेली पाहिली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

धरून भुसावळच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं डोळे मिटायला लावून बोटांना सुई टोचली. अंगठा आणि करंगळी सोडून मधल्या तीन बोटांना काही कळतच नव्हतं. डॉक्टरनं विचारलं, किती वर्षं ठोकताय? मग म्हणाला, "आता बंद. मशीन घ्या, नाहीतर धंदा बदला. अजून असंच ठोकत राहिलात तर वर्षभरात हा पंजा तुमच्या कामाचा राहणार नाही." आम्ही दारात पोचलो तर मागून परत म्हणाला, "आणि मशीनसुद्धा हादरे कमी देणारी घ्या."

म्हणून ड्रील मशीन. हौस म्हणून नाही, शेजाऱ्याला दाखवायला म्हणून नाही. यांचा उजवा हात राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. आणि त्यावर हा माणूस चार महिने विचार करत बसला!

दुकानात दोन मशिनी होत्या. एक देशी, एक परदेशी. परदेशीच्या किमतीत देशी दोन आल्या असत्या आणि वर एसटीचं भाडं निघालं असतं. पैशाचं मी सांगत बसत नाही, दोघांनी मिळून जमवले होते, परदेशी घेण्याइतके होते, झालं. अडचण पैशाची नव्हतीच. अडचण यांच्या डोक्याची होती.

त्या डोक्यात भर घालायला यांचा दोस्त लीलाधर. बसस्टँडजवळ त्याचं जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. विहिरीवरचे पंप जळले की शेतकरी त्याच्याकडे टाकतात. तो म्हणायचा, "तोताराम, देशी घे. आपल्याकडचं व्होल्टेज तुले माहीत हाये, दिवा लावला तं तो लागला का नही हे पाह्याले काडी पेटवा लागते. मशीन आज ना उद्या जयनार. देशी जयली तं मी संध्याकायपर्यंत उभी करून देतो. तिचं आर्मेचर भुसावयले दुकानादुकानात टांगेल हाये. परदेशीचं मुंबईहून मांगवा लागीन." आर्मेचर म्हणजे मशिनीच्या पोटातला तांब्याच्या तारा गुंडाळलेला गोळा. तो जळला की मशीन मेली. या मशिनीच्या भानगडीत मी एवढं शिकले.

मी म्हणायचे परदेशी घ्या. डॉक्टरनं सांगितलंय. शालिग्रामशेठनं यांना सांगितलं होतं की परदेशी वजनाला हलकी, हादरे कमी, आणि भोक पाडताना आतल्या सळईत टोक अडकलं तर ती आपोआप थांबते. देशी थांबत नाही. टोक अडकलं की मशीनच गर्रकन फिरते आणि धरणाऱ्याचं मनगट पिळून काढते. हे सगळं यांनीच घरी येऊन मला सांगितलं आणि वर म्हणाले, "पन लीलाधरचंही खरं हाये."

सगळ्यांचंच खरं! मग घ्यायची कोणती?

चौथ्या खेपेला यांनी पिशवीत वीट नेली. शेठच्या दुकानात दोन्ही मशिनींनी विटेला भोकं पाडून पाहिली. घरी येऊन म्हणाले, विटेवर काही कळत नाही, स्लॅबचा तुकडा पाहिजे. सहाव्या खेपेला पाडलेल्या घराच्या स्लॅबचा सळईसकट तुकडा नेला, पाच-सहा किलोचा, त्या तसल्या हातानं. कंडक्टरनं विचारलं, नाना, पिशवीत काय? हे म्हणाले, स्लॅब. पुढं अख्खी गाडी हसत होती म्हणे. आणि एवढं करून सातव्यांदा परत हात हलवत. तो तुकडा तर दुकानातच ठेवून आले होते, पुढच्या वेळेला लागेल म्हणून.

गणपती बसले आणि शाळेचं काम आलं. गावाबाहेर शाळेची नवी इमारत, अठरा खोल्या, खोलीला दोन पंखे. दिवाळीची सुट्टी संपली की मुलं नव्या खोल्यांत बसणार होती. आणि बांधणाऱ्या शहाण्यानं काय केलेलं? स्लॅब टाकताना पंख्याचे हूक टाकायचेच विसरला! एक-दोन नाही, छत्तीसच्या छत्तीस. आता पंखे टांगायचे तर वर मान करून स्लॅब फोडत सळईपर्यंत जायचं, तिला हूक अडकवायचा. नाहीतर मशीननं चार भोकं पाडून बोल्ट ठोकायचे, काम अर्ध्या तासाचं. मशीन येणारच आहे म्हणून यांनी हो म्हटलं. मुख्याध्यापकांना शब्द दिला.

त्या दिवशी माझं टाळकं फिरलं. आठव्या खेपेला मी सोबत निघाले. दुकानात शालिग्रामशेठनं यांना पाहून न विचारताच दोन्ही मशिनी काउंटरवर मांडल्या, आणि तो स्लॅबचा तुकडा. मी म्हटलं, शेठ, माझ्या हातात द्या. शेठ हसले, "बाई, हे तुमचं काम नाही." मी म्हटलं, हात दुखतो की नाही हे हातालाच कळतं, त्याला बाईचा काय अन् पुरुषाचा काय. द्या इकडं.

आधी देशी. दाबली तशी खांद्यापर्यंत दाणदाण हादरली, दात वाजले. आणि टोक सळईला लागलं मात्र, मशीन फिरली आणि माझं मनगट असं मुरगळलं की मी ‘अवं माय’ करून सोडून दिली. मग परदेशी. तेच भोक, तीच सळई. आत कुठंतरी कट् कट् वाजलं आणि ती थांबली. मनगट जागच्या जागी.

"हीच," मी म्हटलं.

हे म्हणाले, "पन लीलाधर म्हन्तो का..."

"लीलाधरची बोटं सुन्न झाली का? लीलाधरच्या हातून घास पडू राह्यला का? हीच घ्या, नाहीतं मी इथून उठत नही, तुमी जा एकटे सावद्याले."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी बघत होती. यांनी माझ्याकडे पाहिलं, मशिनीकडे पाहिलं, आणि खिशात हात घातला. चार महिन्यांचं भिजत घोंगडं मी चार मिनिटांत निकालात काढलं. किती आनंद झाला होता मला! परत येताना खोकं यांच्या मांडीवर होतं. नशिराबाद आलं तेव्हा हे हळूच म्हणाले, "जयली तं?" मी म्हटलं, शुभ बोला जरा.

मशीन दसऱ्याच्या आठ दिवस आधी आली. आमच्यात नव्या हत्याराला पूजेआधी कामाला लावत नाहीत. खंडेनवमी तोंडावर होती, त्या दिवशी हत्यारांची पूजा, तेवढं होऊ दे म्हटलं. तोपर्यंत यांनी मशीन माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर ठेवली. रोज काढून बघायचे, परत गुंडाळायचे. सोबतच्या कागदावर पाण्याच्या थेंबाचं चित्र होतं आणि त्यावर फुली. ते मला दाखवून बजावलं, ओल्या हातानं धरायची नाही, मोरीजवळ न्यायची नाही. मी मान डोलावली. मला काय कळत नव्हतं का?

खंडेनवमीला पाट मांडला. हातोडी, छिन्न्या, पक्कड, टेस्टर, सगळं घासूनपुसून ठेवलं, शिडी भिंतीला टेकवून तिला हार घातला, आणि पाटाच्या मधोमध नवी मशीन. नारळ दरवर्षी हेच फोडतात, हातोडीवर आपटून, दोन ठोक्यांत. त्या वर्षी दोन झाले, चार झाले, सहा झाले. नारळाला चीर पडेना. सातव्याला तो हातातून निसटला आणि घरंगळत जाऊन दाराशी थांबला. हे आपल्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू फोड."

बायकांनी नारळ फोडू नये म्हणतात. पण मला त्या घडीला असा राग आला होता, त्या हातोडीचा, त्या बावीस वर्षांचा, त्या न सांगणाऱ्या तोंडाचा, की मी एका ठोक्यात नारळाचे दोन तुकडे केले. पाणी वाटीत धरलं. हातोडीवर थोडं शिंपडलं, पकडीवर थोडं, आणि उरलेलं सगळं मशिनीवर ओतलं. घरात नवी आलेली, यांचा हात वाचवणारी, तिला जास्त नको? वरून मुठीनं हळदीकुंकू वाहिलं.

"अवं, पानी आत गेलं," हे म्हणाले. मशिनीला बाजूनं फटी असतात, हवेसाठी. त्यांतून पाणी झिरपत होतं. यांनी मशीन उचलायला हात पुढं केला.

मी तो हात धरला. तोच, उजवा. "पूजेतली वस्तू उद्या सकायपर्यंत हलवायची नही. अन् नारयाचं पानी हाये ते, हापशाचं नही."

मला खरंच तसं वाटत होतं. देवाचं पाणी ते, त्यानं कधी काही बिघडतं का? हे थोडा वेळ हात तसाच पुढं धरून उभे राहिले. यांना कळत होतं. तेव्हाच उपडी करून झटकली असती, उन्हात वाळवली असती, तर वाचली असती, असं नंतर लीलाधरनं सांगितलं. यांनी मला ढकलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, एकदा तरी! पण नाही. हात मागं घेतला. संध्याकाळपर्यंत दोनदा पाटापाशी जाऊन नुसते उभे राहून आले.

दसऱ्याच्या सकाळी मशिनीवर आपट्याची पानं ठेवली, मग यांनी पुसली आणि पिन लावली. घर्र झालं. एकदाच. मग फटींतून निळी ठिणगी, मग धूर, आणि खोबऱ्याची वडी करपल्यासारखा वास. यांनी पिन ओढली. पहिलं काय विचारलं असेल? मला विचारलं, "तुले चटका तं नही बसला?"

भांडायचं ना! ताट आपटायचं, माझ्या बापाचा उद्धार करायचा. मी सगळं ऐकून घेतलं असतं. वर्षाचा सण, दारात तोरण, आणि मी मेली त्या धुराकडे बघत उभी. पुरणाची डाळ खाली लागली तरी मला समजलं नाही.

लीलाधरनं उघडून पाहिली. आतून सगळं चिकट, कुंकवाचा लगदा. "वयनी, याची तार केसावानी बारीक हाये, माह्यानं भरल्या जानार नही," म्हणाला. ‘मी सांगतलं होतं’ असं एकदाही म्हणाला नाही, तेही मला टोचलं. हे मशीन घेऊन जळगावला जाऊन आले. एवढंच सांगितलं, पार्ट मुंबईहून येईल, अडीच महिने लागतील. हमी लागू नाही. दुसरी मशीन घ्यायला आता गाठीला काही नव्हतं, आणि ऐन सीझनमध्ये स्वतःची मशीन कोण उसनी देतो?

मी म्हटलं, शाळेला नाही म्हणून सांगा. हे म्हणाले, शब्द दिलाय. मग ठोकणार कोण? तर म्हणाले, "सुपडूले लावलं ठोकाले. मी नुसतं दाखवतो." सुपडू म्हणजे गल्लीतला एक मजूर, अंगापिंडानं दणकट. मला बरं वाटलं. आठ दिवस हे संध्याकाळी घरी यायचे, उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून बसायचे. मी फराळाच्या गडबडीत होते. विचारलं की म्हणायचे, होऊ राह्यलं.

नवव्या दिवशी डबा घेऊन मीच शाळेत गेले. नव्या इमारतीत ठक ठक आवाज येत होता. अकराव्या खोलीत शिडीवर एकच माणूस होता, खाली कोणी नव्हतं. डाव्या हातात छिन्नी. उजव्या हातात हातोडी, आणि ती हातोडी तळव्याला फडक्यानं बांधलेली, कारण बोटं धरत नव्हती. फडकं मी ओळखलं. ज्यात मशीन गुंडाळून ठेवायचे, तो माझ्या लुगड्याचा तुकडा.

"सुपडू कुठी हाये?"

"कापूस येचाले गेला."

"कधी?"

यांनी छिन्नीवरची धूळ फुंकली. मग म्हणाले, "पयल्याच दिवशी."

मी शिडीवर चढले, तिथंच गाठ सोडली. हातोडी काढून घेतली तरी बोटं तशीच वळलेली राहिली, दांडा धरल्यासारखी. एकेक करून मी ती उघडली. तोंडानं माझा पट्टा सुरूच होता, काय काय बोलले देव जाणे, लबाड म्हटलं, मुका म्हटलं, बाईला फसवता म्हटलं. आणि रडत होते. हे म्हणाले, "कुंदा, सात खोल्या राह्यल्या." नाव घेऊन हाक मारली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मंग मी ठोकते," मी म्हटलं.

बाराव्या खोलीपासून अठराव्यापर्यंत चौदा पंख्यांची भोकं मी फोडली. यांनी डाव्या हातानं छिन्नी धरायची, मी घाव घालायचे. सावद्याच्या लोकांना तेवढाच तमाशा. बाया येऊन खिडकीतून बघून जायच्या. डोळ्यांत सिमेंट, केसांत सिमेंट, दिवाळीचं अभ्यंग झालं तरी कानातून निघत होतं. पण पंखे लागले. शाळा वेळेवर भरली. यांचा शब्द राहिला, हात गेला. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. ती तीन बोटं आजतागायत शुद्धीवर आलेली नाहीत.

जानेवारीत पार्ट आला. मशीन आणायला दोघं गेलो. शालिग्रामशेठनं चालवून दाखवली, अगदी नव्यासारखी. खोक्यात घालता घालता मला म्हणाले, "बाई, आता यांना सांभाळायला सांगा. स्लॅबचा तुकडा घेऊन येणारा इतका सावध माणूस, आणि मशीन पाण्याच्या बादलीत पाडतो म्हणजे काय?"

मला आधी काही उमगलंच नाही. बादली? कसली बादली? यांच्याकडे पाहिलं तर हे दुकानातल्या बल्बकडे बघत होते, आमच्या ओसरीवर बघत होते तसे.

"यांनी नाही पाडली," मी म्हटलं. "मी नारळ फोडला तिच्यावर. हे उचलत होते, मी उचलू दिली नाही."

शेठचा हात खोक्यावर थांबला. परत येताना मी एसटीत यांच्यावर बरसले, खोटं कशाला सांगितलं म्हणून. नशिराबाद गेल्यावर यांनी तोंड उघडलं. "मानसाच्या हातून बादलीत पडली म्हटलं तं लोकं एक रोज हासतात. बाईनं पूजेत जायली म्हटलं तं तुले जलमभर ऐका लागलं असतं."

तेव्हापासून मशीन मी धरते. हे डाव्या हातानं पेन्सिलीची खूण करतात, मी भोक पाडते. एका खुणेला पाव तास लावतात. मी शिडीवर चढून बसलेली, मशीन हातात, आणि हे खालून इकडून बघतात, तिकडून बघतात, खूण पुसतात, परत करतात. जीव नुसता उकळतो माझा. लोक विचारतात, कुंदाबाई, परदेशी चांगली की देशी? काय सांगू? परदेशीच चांगली, हातात धरली की हात दुखत नाही. आणि लीलाधरही बरोबर होता. देशी असती तर त्याच संध्याकाळी उभी राहिली असती, आणि छत्तीस पंखे मशीननं लागले असते.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. मी नारळ आणलाच नव्हता. हेच बाजारातून घेऊन आले. पाटावर हत्यारं मांडली, मशीन मधोमध ठेवली, आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून तिच्यावर चढवली. मग नारळ माझ्या हातात दिला. "थांब, रबर लावतो," म्हणाले. अंगठा आणि करंगळीत रबर धरायचे, ताणायचे, ते सुटायचं. मधली बोटं नुसती लोंबत होती. परत धरायचे, परत सुटायचं. मदत करायला गेले तर डाव्या हातानं मला थांबवलं. मी नारळ धरून उभी राहिले. कितीतरी वेळ लागला त्यांना, आणि मी एक शब्द बोलले नाही.